लाखोरीचे चोर पाहायला नवेगावला

मी देवाला गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. पुढे वाचताना कोणाच्या मनात शंका नको. मी पक्षी पाहायला गेले होते. अड्याळजवळच्या आमच्या गावातून नवेगावबांधच्या तलावापर्यंत, बैलगाडीनं, तीन दिवस जायला आणि तीन दिवस यायला. सोबत माझी धाकटी नणंद गंगू होती. गाडी मी हाकली. वय तेव्हा साठीच्या पुढे होतं. नेमकं किती, ते माझ्या मायनं कुठं लिहून ठेवलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली म्हणून हे लिहिता येतं. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट आहे.

आमच्याकडे धान कापायच्या आधीच, बांदीतला, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतातला, चिखल ओला असताना, उभ्या धानात लाखोरी फेकतात. धान कापलं की खालून हिरवी लाखोरी दिसते. नांगर नाही, पाणी नाही, जमिनीत उरलेल्या ओलीवर ती वाढते आणि वर्षाची डाळ देते. ती बोटभर झाली की ते यायचे. त्यांना आमच्या गावात नाव नव्हतं. ‘ते आले’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं. पहाटेच्या अंधारात उतरायचे आणि दिवस उगवेपर्यंत बांदी साफ करायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून चाळीसेक वर्षं मी त्यांना हाकललं. टिनाचा डबा वाजवला, गोफण फिरवली, तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. नीट पाहिलं मात्र एकालाही नाही. अंधारात काळं काहीतरी हलतं, आपण ओरडतो, ते उडून जातं. एवढीच ओळख.

त्या हिवाळ्यात जंगल खात्यातला एक बाबू सायकल पंक्चर झाली म्हणून आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसला होता. माझ्या ओटीत दगड पाहून म्हणाला, “आजी, यांना दगड मारता?”

“मंग काय हळदकुंकू लावू?”

तो हसला. मग त्यानं सांगितलं की हे पक्षी हिमालयाच्या पलीकडून येतात. तिकडे बर्फ पडलं की निघतात, तो सगळा पहाड ओलांडतात आणि फाल्गुन सरता सरता परत जातात. दिवसा नवेगावच्या तलावात हजारोंनी बसलेले असतात. त्यानं पुस्तकातलं नावही सांगितलं, ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

“इतक्या दुरून माही लाखोरी खाले येते?”

“हो, आजी.”

तो गेला आणि मला रागच आला. चाळीस वर्षं ज्याच्याशी भांडले तो कोण, कुठला, हे मला माहीत नव्हतं. नवऱ्याशीही मी तीस वर्षं भांडले, पण त्याचं तोंड तरी पाहिलं होतं.

तयारी

रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा मी मुलाला, तुळशीरामला, सांगितलं. “मी नवेगावले जाऊन राहिली.”

“काहून? कोन मेलं?”

“कोनी नाही मेलं. पक्षी पाहाले जातो.”

तो हसला. सुनेनं पदर तोंडाला लावला. मी हसत नाही हे पाहून तुळशीरामनं हातातला घास खाली ठेवला.

“माय, लोकं काय मनतीन? बुडी पागल झाली मनतीन.”

“मनू दे.”

“मंग असं कर, प्रतापगडच्या महादेवाले जातो मन. थे तिकडंच हाये. देवाले गेली मनलं का कोनी काही बोलत नाही.”

त्याचं खरं होतं. आमच्याकडे म्हातारी विधवा घराबाहेर पडते ती तीन कारणांनी. लेकीचं बाळंतपण, कोणाचं मरण, नाहीतर देव. चौथं कारण नाही. तुळशीराम भंडाऱ्याला जाऊन सिनेमा पाहून येतो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही की देव कोणता होता. महादेवाशी माझं भांडण नाही. पण त्याच्या नावावर मी खोटं का बोलू?

“पक्षी पाहाले जातो,” मी म्हटलं. “कोनी विचारलं तं असंच सांगजो.”

दुसऱ्या दिवशी त्यानं सालदार गड्याला ताकीद दिली की मायची गाडी हाकायची नाही. मला म्हणाला, “गाडी ने, बैल ने. गाडीवान नाही.” त्याला वाटलं विषय संपला. पांढऱ्या आणि बुट्या, दोन्ही बैल वासरं होते तेव्हापासून माझ्या हातचं खाल्लेले. मी म्हटलं, “बरं.”

केव्हा निघायचं हे मीच ठरवलं, आणि त्यावरूनही गावात गडबड झाली. चांदण्या रात्री ते पक्षी रात्रभर चरतात आणि पहाटे भरल्या पोटी निघून जातात. अंधाऱ्या रात्री चरणं होत नाही, म्हणून पहाट फुटता फुटता भुकेले, झुंडीनं उतरतात. हे मला कोणत्या बाबूनं सांगितलं नाही. हे माझ्या लाखोरीनं शिकवलं. म्हणून मला पौषातली अमावस्या गाठायची होती. पौषात आमच्याकडे कोणी चांगल्या कामाला हात घालत नाही, त्यात अवसेच्या तोंडावर दोन विधवा घर सोडून निघणार. विहिरीवर बाया कुजबुजायच्या आणि मी आले की पाणी ओढायला लागायच्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की पक्षी पाहायला म्हणून अवस मुद्दाम निवडली आहे.

गंगू का आली? तिला विचारलं तेव्हा म्हणाली, “वयनी, मले आजवर कोनी कुठी नेलंच नाही.” ती तरुणपणीच विधवा होऊन आमच्या घरी परत आली होती. आयुष्य आमच्या चुलीपुढे गेलं. मी दुसरं काही विचारलं नाही.

सामान असं घेतलं: तांदूळ, लाखोरीची डाळ, सुके झिंगे, मीठ, मिरची, संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू, भात शिजवायचा एक गंज, दोन वाकळा, कंदील, एक शिंदीची चटई आणि बैलांसाठी गाडीभर धानाचं तनस. बसायला जागा उरली ती तनसावरच. निघताना तुळशीराम एवढंच म्हणाला, “सातव्या दिवशी बैल दावनीले पाहिजे. गुऱ्हाळाची पारी हाये आपली.” ऊस गाळायचा घाणा चार घरांत मिळून असतो, आपली पाळी चुकली तर ऊस वाळतो. हे म्हणणं रास्त होतं. मी कबूल केलं.

चुलबंद नदी

पहिला दिवस पालांदूरपर्यंत गेला. रस्त्यात ज्यानं त्यानं गाडीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कासऱ्याकडे, मग मागं, की गाडीवान खाली उतरून चालतो आहे का. मी कोणाला समजावत बसले नाही. पालांदूरला एका ओळखीच्या घरच्या ओसरीत पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलबंद ओलांडताना गाडी रेतीत बसली. पाणी घोट्याएवढंच होतं, पण रेती खालून सरकत होती. डावं चाक आसापर्यंत गेलं. बुट्या पाण्यातच बसला. गंगू वरून ओरडली, “पौष हाये मनून सांगत होते सारे!” मी म्हटलं, “पौषानं चाक नाही धरलं. खाली उतर, वजन कमी होईन.”

खालच्या अंगाला दोन ढिवर जाळं टाकत होते. त्यातला मोठा कंबरेवर हात ठेवून पाहत राहिला.

“गाडीवान कुठी गेला वं?”

“तुह्याशी बोलून राहिला.”

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग दोघं आले, चाकाला खांदा लावला, मी बुट्याची शेपटी पिळली, आणि गाडी निघाली. काठावर त्यानं विस्तवावरच्या मडक्यातून उकडलेले शिंगाडे काढून दिले. मी त्याला चार लाडू दिले. आमच्याकडे शिंगाडे मीठ घालून उकडतात. त्यानं नुसत्या पाण्यात उकडले होते आणि ते जास्त गोड लागले. नखं काळी होईपर्यंत खाल्ले.

“प्रतापगडले चालल्या?” त्यानं विचारलं.

“नाही. नवेगावले. पक्षी पाहाले.”

त्यानं मला खालून वर पाहिलं. मग आवाज बारीक करून गंगूला विचारलं, “दवाखान्यात नेऊन राहिल्या का यायले?”

गंगू म्हणाली, “हाव.”

पुढे साकोली येईपर्यंत मी गंगूशी भांडत होते. तिचं म्हणणं, एका ‘हाव’मध्ये प्रश्न मिटला, मग कशाला वाढवायचा. माझं म्हणणं, मी वेडी नाही.

त्या रात्री साकोलीच्या पुढे, जंगल सुरू होतं तिथल्या एका पाच-सहा घरांच्या गावात मुक्काम केला. घरच्या बाईनं लाखोरीची डाळ केली होती. आमच्याकडे घट्ट करतात. तिची पातळ, चिंचेची आंबट, वर लसणाची फोडणी. मी तीन वेळा वाढून घेतलं. तिला मी आमच्या चोरांबद्दल सांगितलं तर ती म्हणाली, “तुमाले पक्षीच खाते? सुखी हाये तुमी. आमच्या इथी डुकरं येते अन् कधी कधी अस्वल.” त्यानंतर मी पक्ष्यांची तक्रार तिच्यापुढे केली नाही. त्या घरात पुरुष आणि बाया एका पंगतीत जेवले. गंगूला लाज वाटली, ती भिंतीकडे तोंड करून जेवली. मला काही वाटलं नाही. उलट भात गरम मिळाला.

तलाव

तिसऱ्या दिवशी दुपार उतरताना नवेगावला पोचलो. आमच्या गावातही बोडी आहे, पावसाचं पाणी अडवून केलेली. तलाव म्हणजे त्याहून थोडा मोठा असेल असं मला वाटत होतं. पाळीवर चढले आणि समोर नुसतं पाणी. तिन्ही बाजूंनी डोंगर, जंगल, आणि मध्ये पाणीच पाणी. माणसांनी हातानं माती टाकून ही पाळ घातली, कैक पिढ्यांपूर्वी. त्यांना हात जोडावेसे वाटले, आणि मी सहसा कोणाला हात जोडत नाही.

पण पक्षी? दूर, पाण्याच्या मधोमध, सांडलेल्या मोहऱ्यांसारखं काहीतरी होतं. तेच ते. तीन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून मी मोहऱ्या पाहायला आले होते.

पाळीवर एक जीप उभी होती. नागपूरचे एक साहेब आणि त्यांच्या बाई खुर्च्या टाकून चहा पीत होते. साहेब बोलायला चांगले होते.

“मावशी, दर्शनाला निघालात का?”

“पक्षी पाहाले आली.”

ते खुर्चीतून उठले. “अरे वा! आम्हीही त्यासाठीच. सफारीला आलोय.” आमच्याकडे सफारी म्हणजे ग्रामसेवक घालतो तो कपडा. त्यांनी समजावून सांगितलं की जनावरं पाहायला जंगलात जायचं त्याला सफारी म्हणतात, आणि आफ्रिकेत लाखो जनावरं गवतासाठी देश बदलत चालतात ते पाहायला लोक दोन-दोन वर्षं तयारी करून जातात. त्यांना स्वतःला या तीन दिवसांसाठी दोन महिने लागले होते. परवानगी, विश्रामगृह, जीप, बोट, दुर्बीण, थर्मास. त्यांच्या बाईंनी यादीच दाखवली. मी म्हटलं, माझी यादी लहान होती, पण तनसाला जागा जास्त लागली.

त्यांनी मला दुर्बीण दिली. डोळ्याला लावली आणि एकदम एक डोकं समोर आलं. पांढरं. मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, कोणी कोळशानं ओढल्यासारखे. चोच पिवळी. डोळा माझ्याकडेच. मी दुर्बीण खाली केली तर समोर पुन्हा मोहऱ्या. मी साहेबांना सांगितलं, “उद्या पहाटे काठच्या लाखोरीत चाला. हातभरावर येतीन.” ते म्हणाले, पहाटेची बोट ठरलेली आहे. ठरलेलं मोडायला त्यांना जमत नव्हतं.

नत्थूची बांदी

तलावाच्या वरच्या अंगाला धानाच्या बांद्या होत्या आणि त्यांत लाखोरी. मी धुऱ्यानं फिरले. ज्या बांदीत लाखोरी कातरल्यासारखी दिसली आणि हिरव्या लेंड्या पडल्या होत्या तिथं थांबले. मालक, नत्थू नावाचा पन्नाशीचा माणूस, कुंपण बांधत होता. त्याला म्हटलं, “भाऊ, उद्या पहाटे तुह्या बांदीत बसू देशीन का?”

“राखनीले मानूस नाही पाहिजे मले.”

“मजुरी नाही मागत. बसून पाहाचं हाये.”

“काय पाहाचं?”

“तुही लाखोरी खाताना त्यायले.”

त्यानं हातातली फांदी खाली ठेवली. “बाई, घरात चोर येईन अन् मी त्याले चटई टाकून देऊ?”

“चटई मी आनली.”

तो हसला, पण ऐकेना. शेवटी मी सौदा केला. सूर्य समोरच्या सागाच्या शेंड्यावर येईपर्यंत मी पाहीन. त्यानंतर मीच त्यांना असं हाकलीन की दोन दिवस त्या बांदीत उतरणार नाहीत. चाळीस वर्षांचा हात आहे, म्हटलं. त्यानं कबूल केलं आणि रात्री आम्हांला आपल्या आंगणात गाडी सोडू दिली. त्याच्या घरच्यांनी भाताबरोबर तलावातले मासे वाढले. काट्यांचे होते, पण चवीचे.

पहाटे कोंबडा आरवायच्या आधी आम्ही दोघी धुऱ्याच्या आडोशाला चटईवर, वाकळ डोक्यावरून घेऊन बसलो. नत्थू मागं पळसाखाली. थंडीनं दात वाजत होते. बराच वेळ काही नाही. मग वरून आवाज आला. कुत्र्याचं लहान पिल्लू नाकातून ओरडतं तसा, एक, मग दुसरा, मग पुष्कळ. आभाळ जरा करडं झालं होतं. त्यात ते आले. पंखांचा वारा माझ्या तोंडाला लागला. पाय पुढे काढून, पंख मागं दाबून ते उतरायला लागले. पहिल्यानं जमिनीला पाय टेकला. वाकला. लाखोरीचा शेंडा तोडला. मला तो तुटल्याचा आवाज आला.

आणि मी उठून उभी राहिले, दोन्ही हात वर केले आणि पोटातून ओरडले, “हाऽऽड! हाड रे चोरा!”

का, ते विचारू नका. डोक्यानं नाही केलं. चाळीस वर्षं तो आवाज ऐकला की अंग उठतं आणि तोंड उघडतं. सगळे उडाले. बांदीतले उडाले, वरचे वरूनच वळले, पलीकडच्या चार बांद्यांतले उडाले. पार तलावापलीकडे गेले. मी हात वर करून उभी.

नत्थू पळसाखाली हसून हसून खाली बसला. “बाई, तुमाले सालावर ठेवतो मी! चार जनाईचं राखन एकटी करता तुमी!”

मी चटई गुंडाळली आणि गाडीकडे निघाले.

गंगूचं म्हणणं

दुपारी भात शिजत होता आणि गंगू म्हणाली, “आता तं झालं ना? पाहिले तुनं. आता निघू अन् प्रतापगड करू. आज रात्री तिथी राहू, सकाळी दर्शन घेऊन तिकडूनच घराच्या रस्त्याले लागू. सातव्या दिवशी बैल दावनीले.”

“पाहिले कुठी? उडवले.”

“महादेवानंच उडवले. त्याले टाकून इथी बसली मनून.”

“आवाज माहा होता गंगू. महादेवाचा आवाज इतका फाटका नसन.”

मग ती खरं बोलली. निघायच्या दिवशी तुळशीरामनं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्यानं गावभर सांगून ठेवलं होतं की पक्ष्यांचं मायचं उगाच बोलणं आहे, माय आणि आत्या प्रतापगडच्या महादेवाला चालल्या. गंगूनं मला तिकडे वळवून न्यायचं, एवढं तिचं काम. म्हणूनच तिला येऊ दिलं होतं.

मी गंज चुलीवरून उतरवला आणि बसून राहिले. दिवस एकच होता हातात. प्रतापगडला गेलो तर उद्याची पहाट जाणार. इथं थांबलो तर प्रतापगड होणार नाही आणि घरी खोटं उघडं पडणार, मुलाचं आणि माझं दोघांचंही हसं होणार. आणि थांबूनही मी पुन्हा ओरडले, तर हाती काहीच नाही. ना देव ना पक्षी.

“जाऊ ना वयनी,” गंगू म्हणाली. “देव कोनाचं काही खात नाही. घरी बोलाले तोंड राहीन.”

“मी उद्या इथीच बसनार. तुले जायाचं तं नत्थूभाऊले सांगून तुही सोय करतो. खरंच सांगतो, राग नाही.”

“तुले लोकाईची लाज नाही.”

“हाये. पन मी आयुष्यभर जिथी गेली तिथी दुसऱ्यासाठी गेली. लेकीचं बाळंतपन केलं, मेलेल्याईसाठी रडली. एक डाव माह्यासाठी आली तं त्याच्यावर बी दुसऱ्याचं नाव घालू?”

गंगू उठून बैलांना पाणी पाजायला गेली. प्रतापगडला मात्र गेली नाही.

नत्थूकडे पुन्हा बांदी मागायला मला लाज वाटली. तोच म्हणाला, “बसा बाई. पन तोंडाले काही बांधा.”

दुसरी पहाट

तोंडाला बांधलं नाही. पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. गंगू शेजारी येऊन बसली. नत्थू आज पळसाखाली न थांबता आमच्या मागंच टेकला.

ते उशिरा आले. काल घाबरवलं होतं, म्हणून आधी दोन-तीन वेळा वरून फिरले. पहिला उतरला तेव्हा माझं अंग पुन्हा उठायला लागलं. गंगूनं माझं मनगट पकडलं, बांगडी असती तर फुटली असती इतकं घट्ट. मी पदर चावला. ते उतरत गेले. दहा, वीस, मग मी मोजायचं सोडलं. सबंध बांदी राखी झाली.

काय पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते. ते बदकासारखे फदफद चालत नाहीत, पावलं नीट टाकतात. पाय केशरी. खाताना एका बाजूनं रांगेनं पुढे सरकतात, धानाच्या रोवणीला बाया सरकतात तशा, फक्त बाया मागं जातात आणि हे पुढे. तोडण्याचा आवाज एकसारखा येतो. सगळे खात असताना एक जण मान उभी करून राखण करतो. त्याचं झालं की तो वाकतो आणि दुसरा मान वर करतो. कोणी सांगत नाही. भांडतातही. एकानं दुसऱ्याच्या पुढ्यातला शेंडा ओढला तर दुसऱ्यानं मान लांब करून त्याला बोचलं. आणि घाण फार करतात, खातानाच. पाय ठेवायला जागा ठेवत नाहीत.

एक माझ्यापासून दोन हातांवर आला. पाठीवरची पिसं मला एकेक दिसत होती, कडेला पांढरी, जशी कौलं एकावर एक लावतात. हाच पहाडावरून आला. त्याचं वजन एखाद्या लहान बोकडाएवढंही नसेल. माझ्यासारखी बाई चुलबंद ओलांडताना रेतीत बसते. मी त्याला पाहिलं. त्यानं एका डोळ्यानं मला पाहिलं आणि लाखोरी खात राहिला.

मागून नत्थू अगदी हळू म्हणाला, “बाप्पा. मी बी कधी पाहिलं नव्हतं. हाकलतच होतो.”

सूर्य सागाच्या शेंड्यावर आला. सौद्याप्रमाणे मी तोंडातला पदर काढला. पण नत्थूनं माझ्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, “राहू द्या बाई. आज मी हाकलतो.” तो उठला, आणि ओरडला नाही. नुसता त्यांच्याकडे चालत गेला. ते एका दमात उठले आणि ऊन त्यांच्या पोटांवर पडलं.

घरी

सातव्या दिवशी दिवे लागायच्या आधी बैल दावणीला होते. तुळशीरामला मी दिलेला शब्द पाळला.

त्यानं मात्र वेगळीच तयारी केली होती. आंगण सारवलेलं, बसायला सतरंजी, आणि दाराशी सूप भरून बत्तासे. गाडीतून उतरले तोच तो जवळ आला. “माय, अड्याळच्या दुकानातून आनले. बाया पाया पडाले येऊन राहिल्या. तू फक्त हातावर ठेवत जा. बोलू नोको काही.”

आमच्याकडे देवाला जाऊन आलेल्या माणसाच्या पाया पडतात आणि प्रसाद घेतात. त्यांना तिथं गेल्याचं थोडं पुण्य लागतं म्हणतात. दहा-बारा बाया आधीच आल्या होत्या, काहींनी सुपातले बत्तासे हातावर घेतलेही होते. पुढे होती सरजाबाई, गावातली सगळ्यांत म्हातारी, जिच्यापुढे पाटीलही आवाज चढवत नाही. ती वाकायला लागली. मी पाय मागं घेतले.

“सरजाबाई, पाया नोको पडू. मी महादेवाले गेली नाही. नवेगावले पक्षी पाहाले गेली होती. जाताना बी सांगतलं होतं.”

सुनेच्या हातातला तांब्या कलंडला. तुळशीरामनं मान फिरवली.

“मंग हे बत्तासे?” कोणीतरी विचारलं.

“तुळशीरामनं दुकानातून आनले. प्रसाद नाही. खाचे असन तं खा.”

हातावर घेतलेले बत्तासे तिघींनी सुपात परत ठेवले. दोघी उठून गेल्या, जाताना एक म्हणाली, “पौषात निघाल्यावर अजून काय होनार.” सरजाबाई वाकलेलीच होती. तिनं मान गंगूकडे वळवली. “गंगू, तू खोटं बोलत नाहीस. खरं सांग. देव केला का नाही?”

गंगू तनस उतरवत होती. मला वाटलं ती ‘हाव’ म्हणेल, चुलबंदच्या काठावर म्हणाली तशी. एका शब्दात सगळं मिटलं असतं, आणि मी तिला दोष दिला नसता.

“नाही केला,” गंगू म्हणाली. “जाता आलं असतं. आमी गेलो नाही. आमी बांदीत बसलो.”

सरजाबाई हळूहळू सरळ झाली. हातातल्या बत्ताशाकडे पाहिलं, तोंडात टाकला, चघळला आणि गिळला. मग सतरंजीवर मांडी घालून बसली आणि जागा करून देत बाकीच्या बायांना म्हणाली, “उभ्या काहून? बसा.” माझ्याकडे वळून म्हणाली, “सांग आता. कसे दिसते थे?”

तुळशीराम गोठ्यात निघून गेला. बैल सोडून झाले होते, वैरण टाकून झाली होती, तरी तो बराच वेळ बाहेर आला नाही. मी पाय पसरले, पाठ भिंतीला टेकली आणि पांढऱ्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांपासून सांगायला सुरुवात केली.